पाच भाल्यांचं गाव

दिवा जरा बारीक करा रे. डोळ्यांवर येतोय. हं, एवढा पुरे. आणि मध्येच कुणी उठायचं नाही. पाणीबिणी काय प्यायचं असेल ते आत्ताच पिऊन घ्या.

ही गोष्ट माझी नाही, माझ्या साडूंची आहे. म्हणजे तुमच्या मामीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तुमच्यातल्या मोठ्यांनी त्यांना पाहिलंय. उंच, किडकिडीत, खिशात कायम भिंग. म्हणून सगळे त्यांना भिंगकाकाच म्हणायचे. त्यांची उभी हयात संग्रहालयात गेली, जुन्या हत्यारांच्या विभागात. नुसत्या मुठीवरून हात फिरवून सांगायचे की ही कट्यार कुठली, कुणाकडून कुणाकडे गेली, मधे कुणी दुरुस्त केली. घरातल्या लग्नात त्यांना आहेरांपासून लांब बसवायचे. एकदा कुणीतरी चांदीचा म्हणून दिलेला तांब्या त्यांनी वाजवून पाहिला होता. ते पाहुणे पुन्हा आपल्याकडे आले नाहीत.

भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणून तर मी हे सांगतोय. त्यांनी मला एकदाच सांगितलं, आवाज न चढवता, एखाद्या वस्तूचं वर्णन करावं तसं.

तीन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. दुसरा शनिवार. त्यांना एका डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. या बाई दुसऱ्या गावी असायच्या, डोळ्यांचं हॉस्पिटल. त्यांच्या घरी पाच जुने भाले होते, सासऱ्यांनी आणलेले. आता बाई घर विकून मुलीजवळ राहायला निघाल्या होत्या. भाले विकायचे नव्हते त्यांना. ज्यांचे आहेत त्यांना परत द्यायचे होते. पण ते कुणाचे, हे कुणालाच सांगता येईना.

"सासरे काय म्हणायचे?" भिंगकाकांनी विचारलं.

"दर पाहुण्याला वेगळं," बाई म्हणाल्या. "आणि काका, जरा घाई आहे. सासूबाई हटून बसल्यात. भाले घराबाहेर गेल्याशिवाय त्या घर सोडणार नाहीत."

भिंगकाका दुपारीच पोचणार होते, पण वाटेत बस बिघडली. दुसरी मिळेपर्यंत अंधार पडला. घर गावाच्या टोकाला, दुमजली, पुढे छोटं फाटक. आत सगळीकडे खोकी रचलेली, भिंतींवर तसबिरींचे फिकट चौकोन. बाईंनी जेवायला वाढलं, आणि बोलता बोलता सांगितलं की वरचा मजला रिकामा करून कुलूप घातलंय, तुमची सोय खालीच केली आहे.

दिवाणखान्यात एका कडेला पलंग होता. त्यावर सासूबाई. पाय लांब करून, पाठीशी उशी, डोक्यावरून शाल. ऐंशी उलटून गेलेली बाई. काकांनी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली आणि परत भिंतीकडे बघायला लागल्या. भिंतीवर भाले होते.

"आडव्या होत नाहीत हो त्या," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "मी सून होऊन आले तेव्हापासून बघतेय. झोप लागली तरी बसूनच."

दोघांनी मिळून भाले खाली उतरवले. मोठ्या टेबलावर चादर अंथरून त्यावर ओळीनं ठेवले. काका कामाला बसणार, तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. कारखान्यात कुणाच्या तरी डोळ्यात काहीतरी उडालं होतं. जाणं भाग होतं.

"सासूबाईंचं काही करावं लागत नाही," त्या चपला घालता घालता म्हणाल्या. "तुम्ही तुमचं काम करा. मी आलेच."

गाडी गेली. फाटक वाजलं. मग सगळं शांत.

आता हे नीट ऐका. भाल्याचं पातं बघून लोक फसतात, असं काका म्हणायचे. लोखंड बाजारातून येतं, कुठूनही कुठे जातं. दांडा मोडला की नवा घालतात. पण पातं दांड्यात बसवल्यावर त्यावर जी वेताची वीण करतात, ती बांधणी बघायची. बांधायची रीत माणूस घरात शिकतो. ती बदलत नाही. सुरुवात डावीकडून की उजवीकडून, पेड किती, टोक कुठे लपवलंय... एवढं कळलं की गाव कळतं.

काकांनी भिंग लावलं. पहिला भाला. वेताच्या सालीच्या चिंचोळ्या पट्ट्या, चार पेडी वीण, फार सुंदर. दुसरा, तसाच. तिसरा, चौथा. पेडांचा ताण सारखा. वळण उलटं, म्हणजे बांधणारा हात डावखुरा. चारही भाले एकाच माणसानं बांधले होते.

पाचव्याची बांधणी अर्धी होती. पट्टी सोडून दिलेली, टोक लोंबत होतं. काकांनी ते बोटांत धरलं आणि चमकले. वेत चाळीस-पन्नास वर्षांत वाळून काचेसारखा कडक होतो, वाकवला की मोडतो. हा वाकत होता. आत्ताच सोललेल्या सालीसारखा.

त्यांनी तो नाकाशी नेला. चिखलाचा वास आला.

संग्रहालयात असताना ते वस्तू बघत बघत मोठ्यानं बोलायचे, बाजूला बसलेला टंकलेखक उतरवून घ्यायचा. ती सवय सुटली नव्हती. एकटे असले तरी बोलायचे. पात्यांचा आकार लांबट होता, डोंगरातले लोहार घडवतात तसा. म्हणून ते म्हणाले, "डोंगरातले. वरच्या रानातले दिसतायत."

वर कुठेतरी आवाज झाला.

ठक.

काकांनी मान वर केली. खिडकीचं दार राहिलं असेल उघडं, असं वाटलं. पुन्हा भिंग लावलं. दांडे लांब होते, डोंगरातल्या दाट झाडीत इतके लांब भाले कुणी वापरत नाही. ते पुटपुटले, "नाही... माळावरचे असावेत. मोकळ्या गवताळ भागातले."

ठक.

या वेळी जिन्यात. लाकडाचा दांडा फरशीवर आपटावा तसा.

काका उठले. जिन्यापाशी गेले. दिवा लावला. जिना रिकामा. वरच्या दाराला कुलूप, लोंबत होतं तसंच. परत आले. सासूबाई तशाच बसलेल्या. डोळे उघडे.

"आजी, आवाज ऐकलात का?" त्यांनी विचारलं.

बाई रिकाम्या भिंतीकडे बघत होत्या.

काका टेबलाशी आले आणि तिथेच थबकले. भाले जागच्या जागी होते. ओळीनं. पण दांड्यांची खालची टोकं... मघाशी कोरडी होती. आता त्यांना चिखल लागला होता. काळा, ओला. चादरीवर त्याचे डाग उमटत होते.

माणूस घाबरला की काय करतो? समजूत काढतो स्वतःची. काकांनी तेच केलं. कुणीतरी चेष्टा करतंय, असं स्वतःला सांगितलं. हे भालेच बनावट असतील, म्हणून वेत ताजा. खुर्ची ओढली, घसा खाकरला, आणि जरा चढ्या आवाजात म्हणाले, "हे काही खरे नव्हेत. दिवाणखान्यात लावायला केलेले. शोभेचे."

ठक!

खुर्चीच्या मागे. अगदी मागे. टेबलावरचा पेला थरथरला.

काकांची मान वळेना.

"तुम्हीही तेच करताय," सासूबाई म्हणाल्या.

आवाज खोल होता, न वापरलेला. काकांना वाटलं, ही बाई आज बऱ्याच दिवसांनी बोलतेय.

"काय... काय करतोय?"

"वाटेल ते सांगताय. आमचे हे असंच करायचे. पाहुणा आला, की एकाला सांगायचे शिकारीत मिळाले. दुसऱ्याला, कुणी भेट दिले. पाहुणे हसतखेळत जायचे. मग रात्रभर हे आपटणं... शेवटी शेवटी ह्यांनी माणसं बोलवायचंच सोडलं."

"तुम्हाला ठाऊक आहे, आजी? कुठले आहेत ते?"

बाईंनी शालीचं टोक मुठीत धरलं. मग त्या सांगायला लागल्या. मोजकंच. मधे मधे थांबत.

त्यांचे यजमान धरणावर इंजिनीअर होते. खोऱ्यातली वस्ती उठवली होती. रानातली माणसं, नदीकाठची. सगळी गेली सामान घेऊन. एक म्हातारी गेली नाही. एका पावसाळ्यात तापाच्या साथीत तिचा नवरा गेला होता आणि चार मुलगे. त्या लोकांत गेलेल्या माणसाचा भाला त्याला पुरलेल्या जागी, उशाशी रोवायचे. आणि घरातल्या बाईनं दर वर्षी त्यावरची बांधणी नव्यानं करायची. ती तेच करत बसली होती. चार झाले होते. पाचवा चालू होता.

"मी रोज बंगल्यातून बघायची," सासूबाई म्हणाल्या. "मजुरांनी तिला हात लावायला नकार दिला. मग एका संध्याकाळी हे स्वतः गेले. भाले उपटून घेऊन आले. म्हणाले, आता काम काय उरलं तिला? आता उठेल."

"उठली?"

"नाही."



"पाच खड्डे होते. त्यांच्यापाशी बसली. हातात वेत तसाच. मी ह्यांना सांगितलं, ती अजून तिथेच आहे. हे म्हणाले, पाणी बघून उठेल. धरणाचे दरवाजे बंद करायची वेळ ठरलेली होती. त्यांचा तरी काय इलाज... असं ते म्हणायचे. रात्री पाणी चढलं. मी खिडकीत उभी होते. अंधार होता. काही दिसत नव्हतं. फक्त आवाज येत होता."

"कसला आवाज?"

"साल ओढण्याचा," बाई म्हणाल्या. "ती बांधतच होती."

दिवाणखान्यातले दोन्ही दिवे चालू होते, हे काका मला दोनदा म्हणाले. लख्ख उजेड होता. तरी खुर्चीच्या मागे कुणीतरी उभं आहे, एवढं त्यांना कळत होतं. ओल्या मातीचा गारवा मानेवर येत होता.

"आजी, गावाचं नाव काय?"

"ह्यांनी घरात घेऊ दिलं नाही ते नाव. ते गेले, तरी मी घेतलं नाही."

"मला सांगा."

"तुम्ही काय करणार?"

"माझं काम," काका म्हणाले. "त्यासाठीच आलोय मी."

बाईंनी डोळे मिटले. ओठ हलले. मग नाव आलं. लहानसं नाव होतं, लेकराला हाक मारावी तसं. ते काय होतं, हे काकांनी मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

काका उभे राहिले. टेबलाची कड धरली. आणि संग्रहालयात बोलायचे तसं, एकेक शब्द सावकाश, स्पष्ट, म्हणाले...

"पाच भाले. एकाच घरातले. बाप आणि चार मुलगे. एका डावखुऱ्या बाईनं बांधलेले. पाचव्याचं काम राहिलं... तिच्यामुळे नाही. तिला पुरं करू दिलं नाही. गाव..." त्यांनी नाव घेतलं. "ते गाव आता पाण्याखाली आहे."

थांबले.

आपटण्याची वाट बघत.

काही नाही...

मग मानेवरचा गारवा गेला. काका म्हणाले, गेला म्हणजे सरकला. त्यांच्या बाजूनं. पलंगाकडे.

सासूबाईंनी पाय जवळ घेतले. हळूच, एका अंगाला सरकल्या. गाडीत आपण कुणाला जागा करून देतो ना, तसं.

"ये," त्या म्हणाल्या. "बस इथे."

पलंग करकरला.

काकांनी तिकडे बघितलं नाही. बघवलंच नाही. नजर टेबलावर होती. टेबलावर भाले होते. त्यांनी मोजले. पुन्हा मोजले.

चार.

आणि पलंगाकडून आवाज यायला लागला.

सर्र...

थोडा वेळ शांत.

सर्र...

साल ओढायची, आवळायची. ओढायची, आवळायची. घाई नाही. कुणाला कुठे जायचं नाही, असा आवाज. मधेच सासूबाई काहीतरी बोलायच्या, फार हळू. समोरून उत्तर येत नव्हतं. की येत होतं... काकांना सांगता येईना.

रात्रभर ते तसेच बसले. चार भाल्यांकडे बघत. मला म्हणाले, "डोळा लागला असेल, स्वप्न पडलं असेल, असं तू म्हणशील. मी पापणी हलवली नाही रे."

उजाडताना फाटक वाजलं. डॉक्टरीणबाई आल्या, थकलेल्या. एका पोराच्या डोळ्यातून पत्र्याची कपची काढता काढता रात्र गेली होती. आत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

सासूबाई झोपल्या होत्या. आडव्या. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, शाल डोक्यावरून ओढलेली. बाईंनी धावत जाऊन नाडी पाहिली. नाडी छान चालली होती. शांत झोप होती ती.

टेबलावर पाच भाले होते. पाचव्याची बांधणी पुरी झाली होती. टोक आत दडवलेलं, दिसू नये असं. वेताची साल हिरवी होती.

काकांनी बाईंना सगळं सांगितलं. बाई शिकलेल्या. वाद घालतील, असं काकांना वाटलं होतं. त्यांनी चादरीवरचे चिखलाचे डाग पाहिले, सासूबाईंकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "मग परत कुठे द्यायचे?"

त्याच दिवशी गाडी काढली. सासूबाईही बरोबर निघाल्या. तशाच, शाल गुंडाळून, मागच्या सीटवर. धरणाच्या काठी एक मासे पकडणारा भेटला, त्याची होडी घेतली. सासूबाई गाडीत बसून पाण्याकडे बघत राहिल्या. गाव साधारण कुठे होतं ते त्यांनी काचेतून बोटानं दाखवलं होतं.

होडी मध्यावर गेली. काकांनी एकेक भाला दोन्ही हातांनी पाण्यात सोडला. आता बघा, लोखंड जड, म्हणजे पातं आधी खाली जायला हवं. होडीवाल्यालाही तसंच वाटलं होतं. पण पाचही भाले पातं वर ठेवून उभेच्या उभे गेले. सावकाश. शेवटी बांधणी दिसली, मग पातं, मग पाणी. होडीवाल्यानं वल्हं उचललं आणि न विचारता होडी वळवली.

संध्याकाळच्या बसनं काका घरी परतले. जेवले नाहीत. मामीच्या बहिणीनं दोनदा ताट वाढून झाकून ठेवलं. रात्री उशिरा फोन वाजला. डॉक्टरीणबाई होत्या.

"काका, एक विचारू? राग मानू नका." त्या जरा थांबल्या. "काल रात्री सासूबाईंची वेणी तुम्ही घातलीत का?"

"मी?"

"त्यांचे हात खांद्याच्या वर जात नाहीत. रोज मीच विंचरते. काल सकाळी मी साधा अंबाडा घातला होता. आज दिवसभर शाल होती डोक्यावर, आत्ता काढली तर..."

"तर काय?"

"वेणी आहे. चार पेडी. इतकी घट्ट, इतकी सारखी... मला सुटत नाहीये. शेवटाला साल बांधलीये. हिरवी." मग बाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "आणि ती ओली आहे, काका. मी मघापासून पुसतेय."

सासूबाई अजून आहेत. नातीच्या घरी, सुनेजवळ. रात्री आडव्या होतात, छान झोपतात. वेणीला कुणाला हात लावू देत नाहीत.

उशी मात्र रोज उन्हात टाकावी लागते.